बॅगांपाशी बसणारी माणसं

एकटी बाई हॉटेलात शिरली की वेटर आधी तिच्या मागे बघतो. मागून कुणी येत नाही याची खात्री पटली की तो तिला हात धुण्याच्या बेसिनजवळचं लहान टेबल दाखवतो. मोठी टेबलं खिडकीशी असतात आणि ती कुटुंबांसाठी ठेवलेली असतात. त्यामुळे मी आयुष्यात पुष्कळ सुंदर ठिकाणी गेले, पण जेवताना समोर बहुतेक वेळा बेसिनच असायचं.

सहलींवर लिहिणं हे माझं काम. ठाण्याहून निघणाऱ्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत मी वर्षानुवर्षं सदर लिहिलं. हिमालय, युरोप वगैरे लिहिणारे वेगळे. माझ्याकडे कल्याण-डोंबिवली-ठाण्याच्या माणसाला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, फार तर एक रात्र राहता येईल, अशी ठिकाणं होती. वॉटर पार्क, मोठमोठ्या पाळण्यांची उद्यानं, कृषी पर्यटन केंद्रं, अभयारण्यं, खाडीकाठच्या पक्षी बघायच्या जागा. वाचकाला नेमकं काय हवं असतं हे मला लवकरच कळलं. सूर्यास्ताचं वर्णन लोक नुसतं नजरेखालून घालतात. नीट वाचतात ती शेवटची चौकट. स्टेशनवरून रिक्षा मिळते का, बायकांसाठीचं स्वच्छतागृह बरं आहे का, दुखऱ्या गुडघ्यांना चढ झेपेल का, लहान मुलाला मऊ भात मिळेल का. ही चौकट चुकू नये म्हणून मी प्रत्येक ठिकाणी स्वतः जात असे. घरी बसून फोनवर माहिती घेऊन लिहिणारेही होते आणि त्यांचे लेख माझ्यापेक्षा सुंदर असत. फक्त त्यांच्या लेखांतले बंद पडलेले रस्ते कायम चालू असत.

लेखात मात्र मी एकटी कधीच नव्हते. या लिखाणाची एक रीत आहे, त्यात सगळं 'आपण' असतं. आपण सकाळी कल्याणहून निघतो, आपण वाटेत चहाला थांबतो, आपली मुलं पाण्यात शिरायचा हट्ट धरतात. डोंबिवलीच्या माझ्या दोन खोल्यांत बसून मी हे लिहायचे. लग्न राहून गेलं, त्याची काही मोठी कथा नाही. आई होती तोवर परत आल्यावर कुणाला तरी सांगायला मिळायचं. ती गेल्यावर लेखच तेवढा उरला. सुरुवातीला पुरवणीचे छायाचित्रकार बरोबर यायचे. पुढे मोबाईलचे कॅमेरे चांगले झाले, फोटोही मीच काढू लागले, आणि तीही सोबत सुटली.

महामार्गालगतच्या एका वॉटर पार्कवर लिहायला गेले होते तेव्हाची गोष्ट. तिथे संथ वाहत्या पाण्याचा एक लांबलचक कालवा होता आणि त्यात दोघांनी बसायच्या ट्यूब सोडत. मी रांगेत उभी राहिले, माझी पाळी आली. ट्यूब धरणारा माणूस म्हणाला, एकट्याला सोडत नाही मॅडम, ती उलटते, जोडीदार घेऊन या. माझ्या मागे रांगेत खोळंबलेली कुटुंबं होती. मी बाजूला झाले आणि सावलीतल्या एका बाकावर जाऊन बसले.

तिथेच मला ती माणसं पहिल्यांदा नीट दिसली. प्रत्येक सहलीच्या ठिकाणी ती असतात. एखाद्या झाडाखाली बॅगांचा ढीग, चपला, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक म्हातारं माणूस. घरचे पाण्यात, पाळण्यात, डोंगरावर गेलेले असतात. म्हातारं माणूस सामान सांभाळतं. कुणी सांगितलेलं नसतं, पण घरातून निघतानाच ते ठरलेलं असतं. मी अशा बाकांवर बसू लागले. कामाच्या दृष्टीने ते फायद्याचंही होतं, कारण दिवसभर एका जागी बसलेल्या माणसाला त्या जागेचं सगळं कळतं. पाणी कधी बदलतात, जेवणाची खरी वेळ कुठली, कुठे पाय घसरतो. पण खरं सांगायचं तर मला तिथे बोलायला माणूस मिळायचं, त्यालाही मिळायचं.

कमलताई मला अशाच एका बाकावर भेटल्या. त्यांची हकीकत सांगायची म्हणूनच हे लिहायला घेतलं आहे. नावं बदलली आहेत आणि ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारलं आहे.

मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला, भोईर नावाच्या गृहस्थांनी आपल्या शेतावर पर्यटन केंद्र काढलं होतं. बैलगाडीतून फेरी, पोहायला तलाव, चुलीवरचं जेवण आणि दुपारनंतर रानातल्या वाटेने टेकडीपर्यंत चक्कर. मी गेले तो हिवाळ्यातला रविवार होता. आंब्याखालच्या बाकावर बॅगांच्या गराड्यात सुती साडीतल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतली चार कुटुंबं आपापल्या गाड्या घेऊन आलेली होती, त्यांतलं एक त्यांच्या मुलाचं, प्रशांतचं. नवऱ्यामागे त्यांनी कल्याणची खोली सोडली होती आणि मुलाकडे, खूप वरच्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. वरून गाड्या दिसतात, माणसं दिसत नाहीत, त्या घराबद्दल त्या एवढंच बोलल्या. सगळी नोकरी कल्याणच्या एका रुग्णालयात नर्स म्हणून झालेली. मी काय करते हे सांगितल्यावर त्यांनी मला ओळखलं. सदर त्या वाचत होत्या.

"तुमच्या घरची माणसं मोठी हौशी दिसतात," त्या म्हणाल्या. "सारखी तुमच्याबरोबर."

मी सांगितलं, मी एकटीच असते, ते आपलं लिहायची पद्धत म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शेजारची एक बॅग उचलून खाली ठेवली. मी तिथे बसले.

दुपारभर आम्ही बोललो. मग मी उरलेलं बघायला गेले, फोटो काढले, रात्री राहणाऱ्यांसाठीच्या तंबूंची पाहणी केली. ऊन कलल्यावर परत आंब्याखाली आले तर बाक रिकामा होता. बॅगा नाहीत, चपला नाहीत, काहीच नाही. रविवार संध्याकाळी घोडबंदरला गाड्या तासन्‌तास अडकतात, त्याच्या आत पोचायला मंडळी घाईने निघालेली दिसत होती. बाईंनी जाताना निरोपही घेतला नाही याचं मला जरा लागलं. लागायला नको होतं, पण लागलं.

तेवढ्यात स्वच्छतागृहाकडच्या पायवाटेने कमलताई पदराला हात पुसत आल्या. बाकापाशी थांबल्या. बाकाखाली वाकून बघितलं.

"बॅगा नेल्या वाटतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, गाड्यांपाशी असतील सगळे, चला. आम्ही दोघी गाड्या लावायच्या मैदानावर गेलो. तिथे भोईरांची जीप तेवढी उभी होती. काय झालं असेल ते उघडच होतं. चार गाड्या, प्रत्येक गाडीला वाटलं असणार की आजी दुसऱ्या गाडीत बसल्या. भोईर धावत आले. ते कासावीस झाले होते. बुकिंग यांच्या मुलानेच केलेलं, त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, लगेच लावतो, असं म्हणून त्यांनी फोन काढला.

"थांबा," कमलताई म्हणाल्या. "माझा फोन नातवाच्या हातात आहे, तो त्याच्यावर खेळतोय. माझा नंबर मला पाठ आहे. लावला तर आत्ता उचलेल."

"मग लावा की आजी."

"नको. बघू या."

काय बघू या, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही. भोईरांनी फोन खिशात ठेवला. मला मुरबाडच्या एसटी स्टँडवर सोडायला जीप निघणार होती, मी ती थांबवली. आम्ही पुन्हा बाकावर येऊन बसलो. आता तिथे भरपूर जागा होती.

चहा आला. टेकडीची सावली शेतावर पसरत आमच्यापर्यंत आली. भोईर उगाच इकडून तिकडे जात होते आणि खिशातला फोन बाहेर काढून बघत होते. कमलताई शांत होत्या, निदान दिसत तरी होत्या. मधेच त्या रुग्णालयातल्या भेटीच्या वेळेबद्दल बोलायला लागल्या. संध्याकाळी सगळ्यांचे नातेवाईक डबे घेऊन यायचे, वॉर्ड भरून जायचा. ज्यांच्याकडे कुणी येत नसे ते पेशंट त्या वेळी डोळे मिटून पडून राहायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की झोपलेत.

"मला कळायचं," त्या म्हणाल्या. "मग मी जाऊन उगाच नाडी बघायची. बघून झाली तरी हात तसाच धरून ठेवायची थोडा वेळ."

  अंधारायला लागलं, भोईरांच्या घरातून बाहेरचा दिवा लागला, आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. रेंज कमी असल्याने ते नेहमी स्पीकरवरच बोलत. त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"दादा, आम्ही सकाळी आलेलो ना, घोडबंदरवाले. स्विमिंगचा निळा गॉगल राहिलाय का तलावाजवळ, जरा बघाल का? पोरगा रडून रडून हैराण करतोय."

भोईरांनी आमच्याकडे बघितलं. कमलताई टेकडीकडे बघत होत्या.

"गॉगल बघतो साहेब," भोईर म्हणाले. "पण तुमची आई हितंच हाय."

पलीकडून नुसते हॉर्न ऐकू येत राहिले. मग प्रशांतचा आवाज, पण आमच्याशी नव्हे, बाजूच्या कुणाशी तरी, मागच्या गाडीत नाहीये का ती? मग एका बाईचा आवाज, मग गाडीचं दार उघडल्याचा. शेवटी तो पुन्हा फोनवर आला. आम्ही वळतोय, आईला सांगा आम्ही वळतोय, असं तो म्हणत होता. माणकोलीच्या पुढे आलोय, पण येतो.

कमलताईंनी हात पुढे केला आणि भोईरांकडून फोन घेतला.

"प्रशांत, मागे फिरू नकोस. पोरं दमलीयत. अरे, मी मुद्दामच थांबलेली. पुरवणीत लिहितात ना, त्या बाई भेटल्या मला इथे, गप्पा मारत बसलेली. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मी त्यांच्याबरोबर एसटीने कल्याणला येते. तू पोरांना घरी सोड आणि तिथे ये." एवढं बोलून त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. "सांगा याला."

"हो," मी म्हटलं. "मीच त्यांना थांबवून घेतलं."

फोन परत दिल्यावर त्या उठल्या आणि गॉगल शोधू या म्हणाल्या. मोबाईलच्या उजेडात आम्ही तलावाच्या कडेने फिरलो. त्यांनाच सापडला, पायऱ्यांच्या खाली. त्यांनी तो रुमालात गुंडाळून घेतला.

मुरबाडहून कल्याणच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली.  प्रशांत वाईट मुलगा नाही, असं त्या मध्येच म्हणाल्या, जसं काही मी तसं म्हटलं होतं. मग विचारलं, "कुठे पोचलेले म्हणाला ते?"

"मला नाही ऐकू आलं," मी म्हटलं.

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. माणकोली ठाण्याच्या वेशीवर आहे. कल्याण, भिवंडीचा नाका, सगळं मागे टाकून ते तिथवर पोचले होते, आणि आम्ही दोघींनीही ते स्वच्छ ऐकलं होतं.

कल्याणच्या स्टँडवर प्रशांत आमच्या आधी येऊन उभा होता. चाळिशीचा, उंच, ऑफिसात चारचौघांना हुकूम सोडत असेल असा माणूस. तो आईच्या हाताला धरून उभा राहिला. त्यांनी रुमालातून गॉगल काढून त्याच्या हातात दिला आणि ओला आहे, पिशवीत घाल, असं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात पुरवणीच्या कार्यालयातून माझा नंबर मिळवून कमलताईंनी फोन केला. पुढची सहल कुठे आहे आणि मी आले तर चालेल का, एवढंच विचारलं. तिथून आमचं सुरू झालं. मी शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी जाऊ लागले, कारण तेव्हा गर्दी नसते. त्या ठाण्याला बसने यायच्या, मी डोंबिवलीहून. थोड्याच दिवसांत त्या मला अगं सरोज म्हणू लागल्या. मी त्यांना अहोच म्हणत राहिले, पण भांडायला मात्र लागले. हॉटेलात आम्ही खिडकीजवळचं टेबल मागून घ्यायचो. वॉटर पार्कच्या त्या कालव्यात आम्ही दोघी एका ट्यूबमध्ये बसलो. ट्यूब धरणाऱ्याने कमलताईंचं वय विचारलं तेव्हा त्यांनी इतकं कमी सांगितलं की तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने आम्हाला सोडून दिलं. ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला गेलो तर त्यांना पक्ष्यांपेक्षा होडी चालवणाऱ्या कोळी बाईत जास्त रस. तिच्या गुडघ्याची चौकशी करून त्यांनी तिला तिथेच व्यायाम शिकवला. खडवलीला नदीवर तर आम्ही कितीदा गेलो असू. साडी खोचून त्या पाण्यात शिरायच्या आणि पलीकडच्या खडकांपर्यंत जायच्या. मी हाका मारायची, त्या ऐकायच्या नाहीत. त्या काळात लिहिलेल्या लेखांतलं 'आपण' खरं होतं. वाचकांना काही फरक कळला नसेल. मला लिहिताना कळायचा.

मग एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. मी त्यांच्या त्या उंच घरी जायची. त्या डोळ्यांनीच विचारायच्या, कुठे जाऊन आलीस? मी सगळं सांगायची, रिक्षा कुठे मिळाली इथपासून. निघताना त्यांचा हात हातात घेतला की सोडायला वेळ लागायचा. नर्स त्या होत्या, पण नाडी बघितल्यासारखा हात मीच धरून बसायची. पावसाळा संपता संपता त्या गेल्या. दिवसकार्याला गेले तेव्हा पाहुण्यांना माझी ओळख काय करून द्यावी हे सुनेला कळेना. आईंच्या मैत्रीण, असं ती शेवटी म्हणाली आणि ते बरोबरच होतं.

मी आता सदर लिहीत नाही. पुरवणीच बंद झाली. सहलींची माहिती लोक मोबाईलवर बघतात, आणि तिथे फिरणारी तरुण मंडळी स्वतःचेच व्हिडिओ दाखवतात. त्यांचं मला वाईट वाटत नाही. तीही बहुतेक एकटीच कॅमेऱ्याशी बोलत असतात, आणि तीही 'आपण' म्हणतात.

यंदा एका दुपारी प्रशांत माझ्याकडे आला. आधी फोन करून, डोंबिवलीचा पत्ता विचारून. केस पिकायला लागलेले. मी चहा ठेवला. तो माझ्या खोल्यांकडे, भिंतीवरच्या फोटोंकडे बघत बसला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाला, "मावशी, एक विचारू? त्या दिवशी आई खरंच तुमच्याशी गप्पा मारत थांबलेली?"

कमलताईंनी मला ते सांगायला लावलं होतं. कुठवर सांगत राहायचं, ते सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "तुम्ही त्या दिवशीही असंच हो म्हणालात. याच आवाजात." त्याने कप खाली ठेवला. "मी फोन गॉगलसाठी केलेला. ती एवढी वर्षं घरात होती, एकदाही मला तिने ते ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं."

 मी त्याच्या कपात पुन्हा चहा ओतला. त्याने नको म्हटलं नाही.

मग त्याने विचारलं की तुम्ही दोघी कुठे कुठे जायचात. तो म्हणाला, आई घरी आल्यावर आम्ही विचारायचो कसं झालं, ती म्हणायची छान झालं, आणि आम्हीही तेवढ्यावरच सोडून द्यायचो. आता मुलगा मोठा झालाय, त्याला घेऊन तिथे जावंसं वाटतं. मी त्याला एकेक ठिकाण सांगितलं, लेखात सांगायची तसंच. खडवलीला स्टेशनातून कुठल्या बाजूला बाहेर पडायचं, नदीवर कुठून उतरायचं, चहा कुठला बरा. खाडीवर भरती-ओहोटी बघून जायचं. तो मोबाईलवर टिपून घेत होता. हळूहळू त्याचं टिपणं थांबलं आणि त्याने मोबाईल पालथा ठेवला.

"खडवलीला ती कुठे बसायची?" त्याने विचारलं. "म्हणजे झाडाखाली, की खडकावर? ती जागा बघायचीय मला."

"त्या बसायच्या नाहीत, प्रशांत," मी म्हटलं. "बॅगा मी सांभाळायची."